तीन ते सहा वर्षांच्या लेकरांचे दुधाचे दात वर-खाली कसे बसायला पाहिजेत? काय चालतं, काय दाखवायला पाठवायचं?

अंगणवाडी_ताई_यवतमाळ यांचा प्रश्न

नमस्कार. अंगणवाडीत वजन, उंची, दंडघेर हे सगळं ठरलेल्या पद्धतीनं होतं. दातांच्या बाबतीत मात्र "कीड आहे" किंवा "नाही" यापुढे कोणी पाहत नाही. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसतात हे पाहायची सोपी रीत हवी आहे, म्हणजे आरोग्य पथक येईल तेव्हा कोणतं लेकरू पुढे करायचं हे आधीच ठरवता येईल.

या वयात साधारण असे प्रकार दिसतात. काहींच्या समोरच्या दातांत चांगल्या फटी असतात आणि मायबाप म्हणतात, दात विरळ आले. काहींनी तोंड मिटलं की वरचे दात खालच्यांना पूर्ण झाकून टाकतात. पाच-साडेपाच वर्षांच्या काहींचे दात टोकाला टोक भिडतात, झिजलेले दिसतात. एखाद्याचे खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात. अंगठा चोखणाऱ्यांच्या दाढा मिटल्या तरी समोर बोट जाईल एवढी जागा उघडी राहते. आणि मागच्या दाढेला भोक पडलेली लेकरं तर प्रत्येक गावात आहेत; घरी सांगितलं की "दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत" हे उत्तर ठरलेलं.

यातलं काय वयाप्रमाणे बरोबर, कशाची वाट पाहायची आणि काय लगेच दाखवायचं? कारणासकट सांगाल तर घरोघरी समजावता येईल.

बालदंतवैद्य_वर्धा

ताई, फटींपासून सुरू करतो. समोरच्या दुधाच्या दातांत फटी असणं चांगलं. काळजी करायची ती ज्याचे दात कणसातल्या दाण्यांसारखे गच्च आहेत त्या लेकराची, आणि नेमकं त्याचंच घरी कौतुक होतं.

हिशोब असा. खालच्या चार दुधाच्या पटाशीच्या दातांपेक्षा त्यांच्या जागी येणारे चार कायमचे दात मिळून सरासरी ६ मिमी जास्त रुंद असतात. वर हाच फरक सुमारे ७.६ मिमी आहे. एवढी जागा तीन ठिकाणांहून मिळते: आधीपासून असलेल्या फटी, समोरचे कायमचे दात येताना दोन सुळ्यांमधलं वाढणारं अंतर, आणि कायमचे दात दुधाच्या दातांपेक्षा थोडे पुढे झुकून येतात त्यातून. फटी नसतील तर उरलेल्या दोन गोष्टींवरच सगळा भार पडतो आणि सातव्या-आठव्या वर्षी दात एकमेकांवर चढण्याची शक्यता वाढते.

या फटींतल्या दोन जागा ओळखून ठेवा. वरच्या जबड्यात बाजूचा पटाशीचा दात आणि सुळा यांच्यामध्ये, आणि खालच्या जबड्यात सुळा आणि पहिली दाढ यांच्यामध्ये. दात मिटले की खालचा सुळा वरच्या फटीत येतो आणि वरचा सुळा खालच्या फटीत. सुळे असे एकाआड एक बसलेले दिसले तर बाजूची ठेवण बहुधा ठीक असते. बाहेरून गालाचा कोपरा जरासा ओढला की हे दिसतं, त्यामुळे तुमच्यासाठी ही सगळ्यात सोपी खूण.

आता पाहायची पद्धत. लेकराला नुसतं "दात दाखव" म्हटलं की ते खालचा जबडा पुढे काढून समोरचे दात भिडवतं. मग नसलेला दोष दिसतो, किंवा असलेला लपतो. म्हणून आधी सांगायचं, "जिभेचं टोक मागे टाळूला लाव, आवंढा गिळ आणि मागच्या दाढांवर चाव." दोन-तीन वेळा करून घ्या आणि दर वेळी जबडा त्याच जागी येतो का ते पाहा. तीन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर आई आणि तुम्ही गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसा. लेकराचं तोंड आईकडे, पाय आईच्या कमरेभोवती, आणि डोकं मागे तुमच्या मांडीवर. वरून टॉर्च धरला की वरची-खालची दोन्ही रांग स्वच्छ दिसते आणि हातपाय आईच्या ताब्यात राहतात. बोट घालायचं असेल तर हातमोजा घाला, आणि दाढांच्या मध्ये घालू नका, गालाच्या बाजूनंच फिरवा.

पहिलं काम मोजणी. दुधाचे दात एकूण २०: वर १०, खाली १०. प्रत्येक बाजूला दोन पटाशीचे, एक सुळा, दोन दाढा. दुधाच्या दातांत उपदाढ नसते; पुढे दुधाच्या दाढा पडल्या की त्यांच्या जागी येणारे कायमचे दात म्हणजे उपदाढा. खालचे मधले दोन ६ ते १० महिन्यांत, पहिली दाढ १३ ते १९ महिन्यांत, सुळे १६ ते २३ महिन्यांत आणि दुसरी दाढ २३ ते ३३ महिन्यांत येते. म्हणजे सुळ्याच्या आधी दाढ येते. त्यात काही चुकलेलं नाही. तिसरं वर्ष संपताना २० पूर्ण पाहिजेत. वरचे दात आधी आले की मामाला जड, हे अजून सांगितलं जातं आणि त्यापायी बाळाचे दात काढायला आलेले लोकही असतात. क्रम मागेपुढे होतो, त्याचा मामाशी काही संबंध नाही. असे दात कोणी काढत असेल तर थांबवा.

उभ्या झाकणीचं वयाप्रमाणे पाहायचं. दुधाचे पटाशीचे दात जवळजवळ सरळ उभे येतात, त्यामुळे तीन वर्षांच्या लेकरात वरच्यांनी खालचे बरेचसे झाकणं नेहमीचंच आहे. पुढे दातांची टोकं झिजतात, खालचा जबडा पुढे वाढतो, मागच्या दाढांची उंची वाढते, आणि झाकणी कमी होत जाते. पाच-सहा वर्षांत दात टोकाला टोक आले तरी ते वयाला धरून आहे. झिजलेल्या टोकांनी घाबरू नका. खालचे दात वरच्या टाळूच्या हिरडीत रुतून तिथे जखम किंवा खाच पडलेली असेल, तेवढं मात्र दाखवायला पाठवा.

सगळ्यात मोलाची जागा मागे आहे: दुसरी दुधाची दाढ. लेकरानं दाढा घट्ट मिटल्या की गाल बाजूला करून वरच्या आणि खालच्या दुसऱ्या दाढेची मागची कड पाहा. दोन्ही कडा एका सरळ रेषेत असतील किंवा खालची कड किंचित पुढे, म्हणजे ओठांच्या दिशेला, असेल तर बरं. खालची कड वरच्यापेक्षा मागे राहिली असेल तर खालचा जबडा मागे राहण्याची, म्हणजे पुढे वरचे दात बाहेर दिसण्याची शक्यता जास्त. खालची कड खूपच पुढे असेल तर उलट दोषाची. बहुतेक लेकरांत सरळ रेषा किंवा छोटी पुढची पायरी मिळते.

सरळ रेषा असणाऱ्यांना पुढे काय होतं हे माहीत असलं की दाढ वाचवायचं महत्त्व आपोआप कळतं. सहा वर्षांची कायमची दाढ दुधाच्या दुसऱ्या दाढेच्या मागच्या कडेला टेकूनच येते, त्यामुळे सुरुवातीला वरची-खालची टोकाला टोक बसते. नंतर दुधाच्या दोन दाढा आणि सुळा पडून त्यांच्या जागी थोडे कमी रुंदीचे कायमचे दात येतात. त्यात खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला सरासरी १.७ मिमी आणि वर ०.९ मिमी जागा शिल्लक उरते. खाली जास्त उरते म्हणून खालची दाढ वरचीपेक्षा थोडी जास्त पुढे सरकते आणि जोडी नीट बसते. ही जागा दुसरी दुधाची दाढ तिच्या वेळेपर्यंत, म्हणजे १० ते १२ वर्षांपर्यंत, तोंडात राहिली तरच हिशोबानं वापरली जाते. पाचव्या वर्षी काढून टाकली तर सहा वर्षांची दाढ आधीच पुढे येऊन ती सगळी जागा आणि शिवाय उपदाढेचीही जागा खाऊन टाकते.

म्हणून "दुधाचेच आहेत, पडणारच" याला उत्तर: समोरचे सहाव्या ते आठव्या वर्षी पडतील, पण मागची दाढ अजून पाच-सहा वर्षं राहायची आहे.

आरबीएसके_डॉक्टर_चंद्रपूर

बालदंतवैद्य सरांनी ठेवण सांगितली, मी उलट्या चाव्याबद्दल लिहितो, कारण शाळा-अंगणवाडी तपासणीत हा सर्वांत जास्त सुटतो.

नियम एकच: वरची रांग सगळीकडे खालच्या रांगेच्या थोडी बाहेर पाहिजे, डब्याचं झाकण डब्यावर बसतं तशी. कुठेही वरचा दात खालच्याच्या आत गेला तर तो उलटा चावा, दंतवैद्य याला क्रॉसबाईट म्हणतात. तो समोर असू शकतो किंवा एका बाजूच्या दाढांत. बाजूचा असेल तर समोरून चटकन दिसत नाही, म्हणून मधली रेषा पाहायची. लेकराला तोंड मोठं उघडायला लावा. वरच्या दोन मधल्या दातांची फट आणि खालच्या दोन मधल्या दातांची फट एका ओळीत आहे का ते बघा. मग हळूहळू तोंड मिटायला सांगा, नजर हनुवटीवर ठेवा. उघड्या तोंडात रेषा जुळते आणि मिटताना शेवटच्या क्षणी हनुवटी एका बाजूला सरकते, असं दिसलं तर बहुतेक वेळा वरची कमान, म्हणजे वरच्या दातांची अर्धगोल रांग, अरुंद असते आणि सुळ्याला सुळा अडतो. लेकरू ती अडचण टाळायला जबडा बाजूला नेऊन चावतं.

याची वाट पाहायची नाही. जबडा रोज एकाच बाजूला सरकत राहिला तर वाढही वाकडी होऊ शकते, आणि सहा वर्षांची दाढसुद्धा त्याच उलट्या चाव्यात येते. उपाय बऱ्याचदा छोटा असतो: अडणाऱ्या दुधाच्या सुळ्याचं टोक दंतवैद्य थोडं घासून कमी करतात आणि जबडा मधोमध मिटायला लागतो. तेवढ्यानं भागलं नाही तर टाळूला बसणारी प्लेट किंवा तारेचं साधन लावून वरची कमान रुंद करतात. चार-पाच वर्षांचं लेकरू सहकार्य करत असेल तर हे तेव्हाच सुरू होऊ शकतं.

समोरचा उलटा चावा दोन प्रकारचा. एखादाच दात आत गेला आहे आणि जबडा मागे नेला तर दात टोकाला टोक येतात, हा सोपा. समोरचे चारही खालचे दात वरच्यांच्या पुढे आहेत, जबडा मागे जातच नाही, आणि घरात आई-वडील किंवा आजोबांचाही खालचा जबडा पुढे आहे, हा वाढीचा प्रश्न. दोन्ही पाठवा, दुसऱ्यात लवकर पाठवण्याचा फायदा जास्त.

अंगठ्याचं. तीन वर्षांपर्यंत हटकू नका. तीन-चार वर्षांत हळूहळू सोडवायला सुरुवात करा आणि समोरचे कायमचे दात यायच्या आधी, म्हणजे सहाच्या आत, बंद झालं पाहिजे. अंगठा तोंडात असताना समोरचे दात एकमेकांकडे वाढू शकत नाहीत म्हणून पुढे खिडकी राहते. जीभ खाली दबते, टाळूला आतून तिचा आधार मिळत नाही आणि गालांचा दाब वरच्या दाढांना आत ढकलतो. सवय सुटली की समोरची खिडकी बऱ्याच लेकरांत काही महिन्यांत आपोआप भरू लागते. दाढांचा उलटा चावा मात्र सहसा आपोआप जात नाही. म्हणून अंगठा चोखणाऱ्याच्या तोंडात समोर कमी आणि मागे जास्त लक्ष द्या.

अंगठ्याला कडुनिंबाचा रस, मिरची, चुना असलं काही लावू नका. डोळ्यात जातं, तोंड भाजतं. रात्री हातावर सुती मोजा, दिवसा हाताला काम, आणि न चोखलेल्या दिवसाला कॅलेंडरवर टिकली, एवढं चार-साडेचार वर्षांच्या लेकराला पुरतं. सवय झोपेपुरती असेल तर झोप लागल्यावर अंगठा अलगद बाहेर काढायचा.

तोंड उघडं ठेवून झोपणारं, घोरणारं लेकरू दिसलं तर दातांच्या आधी नाक-कान-घसा डॉक्टरांकडे. नाकामागची गाठ वाढलेली असली तर तोंडानं श्वास चालू राहतो आणि वरची कमान अरुंद होत जाते. दातांचं साधन लावून मूळ कारण जात नाही.

पाठवायची वाट अशी: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं (आरबीएसके) पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. तुमच्या वहीत नाव, वय आणि "उजव्या बाजूला उलटा चावा, हनुवटी सरकते" अशी एक ओळ असेल तर आमचं काम अर्ध्यावर येतं. नुसतं "दात वाकडे" लिहिलं तर पुन्हा सगळ्यांची तोंडं पाहावी लागतात. पुढे ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय, आणि साधनं लावायची असतील तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळ सावंगीचं दंत महाविद्यालय.

अंगणवाडी_ताई_यवतमाळ

हनुवटी सरकण्याचं आजवर कधी पाहिलंच नव्हतं, आता वहीत तसा रकाना करते. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दुसऱ्या दाढेला मोठं भोक असेल तर "काढून टाका" हाच सल्ला गावात मिळतो. काढली तर जागा धरून ठेवायची काही सोय असते का, आणि ती नेमकी कशी असते? दुसरं, सहा-सात वर्षांत खालच्या दुधाच्या दातांच्या मागे दुसरी रांग येते, तेव्हा मायबाप घाबरून येतात.

बालदंतवैद्य_वर्धा

दुसरी रांग आधी. खालचे कायमचे पटाशीचे दात जिभेच्या बाजूनंच फुटतात, ती त्यांची नेहमीची वाट आहे. दुधाचा दात हलत असेल तर लेकराला तो जिभेनं आणि स्वच्छ बोटानं हलवत राहायला सांगा. दुधाचा पडला की जिभेच्या दाबानं मागचा बराचसा पुढे येतो. दुधाचा अजिबात हलत नसेल आणि मागचा अर्ध्याहून जास्त वर आला असेल, किंवा काही महिने झाले तरी दोन्ही शेजारी उभे असतील, तर दंतवैद्याकडून काढून घ्या. वरच्या जबड्यात टाळूच्या बाजूनं दात आला तर एवढीही वाट पाहू नका, कारण तो खालच्याच्या आत अडकून उलटा चावा तयार होतो.

किडलेली दाढ. काढणं हा शेवटचा उपाय आहे. भोक लहान असेल तर साधं भरणं. कीड दाताच्या आतल्या नसेला पोचली असेल पण मुळं चांगली असतील तर वरच्या भागातली नस काढून औषध भरतात आणि त्यावर स्टीलची तयार टोपी बसवतात. टोपी बसवल्यावर चावा किंचित उंच वाटतो, लेकरू "दात लागतो" म्हणतं. सहसा काही दिवसांत बसतं. टोपीमुळे पुढच्या-मागच्या दाताची दूरीही कायम राहते. दोन दाढांच्या मध्ये कीड लागून कडा ढासळल्या की दाढ न काढताही जागा कमी होते, मागची दाढ त्या खड्ड्यात झुकते. पालकांना हे माहीत नसतं. दात तोंडात आहे म्हणजे जागा सुरक्षित असं ते धरून चालतात.

हिरडीवर फोड, वारंवार सूज, मुळं विरघळलेली, असं असेल तर काढावीच लागते. काढल्यावर पहिल्या सहा महिन्यांत जागा सगळ्यात जास्त मिटते, म्हणून जागा धरणाऱ्या साधनाचा विचार काढायच्या दिवशीच करायचा. आधी एक्स-रे पाहायचा: खालून येणाऱ्या उपदाढेवर हाड किती आहे. साधारण एक मिमी हाडातून यायला ४ ते ५ महिने लागतात असा ठोकताळा आहे. दात वरच आला असेल, किंवा पू होऊन हाडच गेलं असेल, तर साधनाची गरज नसते.

समोरचे वरचे चार दात बाटलीच्या किडीनं गेले तर, सुळे आलेले असल्यास, जागा फारशी जात नाही. तिथे बोलणं आणि दिसणं यांचा प्रश्न असतो. जागेची चोरी मागच्या दाढांच्या ठिकाणी होते.

साधन कसं बनतं ते लॅबवाल्या भाऊंनीच सांगावं.

दंतलॅब_अकोला

सर्वांत जास्त बनतं ते बँड अँड लूप, म्हणजे दाढेभोवती कडी आणि तिला जोडलेला तारेचा फास. एका बाजूची एकच दाढ गेली असेल तर हे. पहिली दुधाची दाढ गेली असेल तर कडी दुसऱ्या दुधाच्या दाढेवर आणि तारेचा फास सुळ्याला टेकलेला. दुसरी गेली असेल आणि सहा वर्षांची दाढ वर आली असेल तर कडी त्या कायमच्या दाढेवर आणि फास पुढच्या पहिल्या दाढेला टेकलेला.

डॉक्टर तोंडातच मापाची स्टीलची कडी निवडून दाढेवर घट्ट बसवतात. कडीची वरची धार दाढेच्या कडेच्या किंचित खाली पाहिजे, नाहीतर विरुद्ध जबड्यातली दाढ तिच्यावर आपटून सिमेंट फोडते. मग अल्जिनेटचं (तोंडात घट्ट होणाऱ्या लगद्याचं) माप घेतात, कडी दाढेवरून काढून मापात तिच्या जागी पक्की करतात आणि त्यात स्टोन प्लास्टर ओततात. कडी मापात हलली तर पुढचं सगळं वाकडं, म्हणून ती टाचणीनं किंवा चिकट मेणानं धरून ठेवणं गरजेचं.

लॅबमध्ये ०.९ मिमीची स्टेनलेस तार वाकवून फास करतो. फासाची रुंदी सुमारे ८ मिमी ठेवायची, म्हणजे उपदाढ त्याच्या मधून मोकळी वर येईल. अरुंद केला तर तीच तार तिला अडवते. हिरडीपासून तार साधारण एक मिमी वर. पुढचं टोक शेजारच्या दाताच्या फुगीर भागाच्या जरा खाली टेकवायचं, वर टेकवलं तर घसरतं. मग फ्लक्स (सांधा नीट धरावा म्हणून लावायचं द्रव्य) लावून सिल्व्हर सोल्डरनं, म्हणजे चांदीच्या डाखानं, तार कडीला जोडायची. जास्त तापवली की तार मऊ पडते आणि चावताना वाकते. सोल्डर दोन्ही बाजूंनी तारेभोवती गुंडाळलेला दिसला पाहिजे. शेवटी घासून, चकाकी देऊन पाठवतो. डॉक्टर दाढ कोरडी करून ग्लास आयनोमर सिमेंटनं बसवतात. दाढ ओली राहिली तर कडी महिनाभरात सुटून येते, मग दोष लॅबवर येतो.

पुढे काय बिघडतं: सिमेंट विरघळून कडी सैल होते आणि आत दाढ किडते, तार हिरडीत रुतते, कडक बोर, चिक्की, च्युइंगम यांनी सोल्डर तुटतं. म्हणून दर ३ ते ६ महिन्यांनी दाखवायचं आणि उपदाढेचं टोक दिसलं की साधन काढायचं.

हे साधन फक्त जागा धरतं, विरुद्ध जबड्यातली दाढ रिकाम्या जागेत उतरणं ते थांबवत नाही, हेही पालकांना सांगून ठेवा.

बालदंतवैद्य_वर्धा

यात दोन भर. सहा वर्षांची दाढ अजून हिरडीत असतानाच दुसरी दुधाची गेली तर साधं बँड अँड लूप चालत नाही, कारण मागे टेकायला दात नाही. तिथे हिरडीच्या आत जाणारी पट्टी असलेलं साधन लागतं, आणि हृदयाचा आजार असलेल्या लेकरांत ते लावत नाहीत. म्हणून चार-पाच वर्षांची दुसरी दाढ वाचवण्यासाठी सर्वांत जास्त प्रयत्न करतो. दुसरं, खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या तर जिभेच्या बाजूनं जाणारी एकच तार लावतात, पण खालचे कायमचे चार पटाशीचे दात आल्यावरच. ते जिभेकडूनच येतात, आधी तार लावली तर तिलाच अडतील.

आशा_ताई_मेळघाट

किडीबद्दल दोन शब्द, कारण घरी सांगायचं काम आमच्याकडे असतं. कापूस वेचणीच्या दिवसांत धाकटं लेकरू मोठ्या बहिणीच्या कडेवर असतं आणि रडलं की साखर घातलेल्या दुधाची बाटली नाहीतर बिस्कीट. झोपेत लाळ कमी होते, गोड दूध वरच्या दातांवर साचतं. खालच्या समोरच्या दातांवर जीभ असते म्हणून ते वाचतात. वरच्या ओठाखाली हिरडीलगत पांढुरकी रेघ दिसली तर कीड सुरू झाली. ओठ वर उचलून महिन्यातून एकदा बघायला आईला शिकवा. वर्षाचं झाल्यावर बाटली हळूहळू बंद, वाटी-चमचा किंवा पेला.

राखुंडी, तंबाखूचं मंजन, गुडाखू लेकराच्या तोंडात नको, दात येताना हिरडीला चोळायलाही नको. पहिला दात आला की मऊ ब्रश आणि १००० पीपीएम फ्लोराईडची पेस्ट. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहाला वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवायचा. रात्रीचा ब्रश जास्त महत्त्वाचा.

एक प्रश्न सरांना: यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. तिथे पेस्टचं काय?

बालदंतवैद्य_वर्धा

आधी पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीत मागा. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिग्रॅपर्यंत फ्लोराईड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याच्या वर असेल तर लेकरांचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी बदलणं हे पहिलं काम, कारण कायमच्या समोरच्या दातांवर डाग पडतात ते वयाच्या पहिल्या काही वर्षांत पोटात गेलेल्या फ्लोराईडमुळे, आणि तो दात दिसतो सातव्या वर्षी. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, थुंकायला लावून, आणि अशा गावात पेस्ट कोणती ते दंतवैद्याला विचारूनच ठरवा. फ्लोराईडच्या डागांमुळे दात बसण्याची ठेवण बिघडत नाही, हे मायबापांना वेगळं सांगावं लागतं.

अंगणवाडी_ताई_यवतमाळ

सहा वर्षांची दाढ आली आहे हे घरी कसं ओळखायचं? एकही दात न पडता येते म्हणून ती दुधाचीच समजतात.

आरबीएसके_डॉक्टर_चंद्रपूर

सुळ्यापासून मागे मोजा. सुळ्याच्या मागे दोनच दाढा असतील तर दोन्ही दुधाच्या. तिसरी दिसली तर ती कायमची. पाच वर्षांपासून दर दोन महिन्यांनी टॉर्चनं शेवटच्या दाढेच्या मागे बघा. हिरडीवर आधी एक-दोन पांढरी टोकं दिसतात, पूर्ण वर यायला काही महिने जातात. तेवढे दिवस ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, नेहमीचा ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. ब्रश गालाकडून आडवा आत घालून फक्त तिच्यावर दहा-बारा वेळा फिरवायचा. तिच्यावरच्या खाचा खोल असतील तर त्या बुजवण्याचं औषध, ज्याला सीलंट म्हणतात, दाढ पूर्ण वर आल्यावर दंतवैद्य लावतात. सुई लागत नाही, दाढ घासावी लागत नाही. वहीत पाच वर्षांवरच्या लेकरांसमोर "तिसरी दाढ: उजवी वर, उजवी खाली, डावी वर, डावी खाली" असे चार चौकोन काढून ठेवा.